अर्थ सांगणारा

माझा धंदा सांगितला की लोक आधी हसतात. मी दुभाष्या. कोर्टातला नाही, वकिलातीतला नाही, प्रार्थनासभांमधला. परळ, लालबाग, दादर, कधीमधी गिरगाव, या पट्ट्यात पेंटेकॉस्टल मंडळींच्या सभा भरत. बाहेरून आलेला उपदेशक इंग्रजीत एक वाक्य बोलायचा आणि त्याच्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागे उभा राहून मी ते मराठीत बोलायचो. दिवसा रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत कारकुनी, संध्याकाळी आणि रविवारी हे. वखारीतला मी आता कुणाच्या लक्षात नाही. भाजीवाली मात्र अजून ‘ते सभेतले भाषांतरवाले’ म्हणूनच ओळखते.

या अंकाचे बहुतेक वाचक असल्या सभेच्या वाटेला गेले नसतील, म्हणून थोडं सांगतो. पेंटेकॉस्टल म्हणजे ख्रिस्ती लोकांमधली अशी माणसं, ज्यांना प्रार्थना हळू आवाजात करायची असते हे पटतच नाही. टाळ्या, ढोलक, वर केलेले हात, डोळ्यांना धारा. आणि मुख्य गोष्ट अशी की पवित्र आत्मा माणसावर उतरला की तो कधीही न शिकलेल्या भाषेत बोलू लागतो, ही त्यांची श्रद्धा. त्या भाषेला आम्ही ‘अन्य भाषा’ म्हणतो. ‘आम्ही’ म्हणतो खरा, पण मला ती कधी मिळाली नाही. माझ्या बायकोला, विमलला मिळाली होती. ती गेल्यापासून घरात कुठलीच भाषा बोलली जात नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

दुभाष्याच्या कामाला कोणी शिकवत नाही. दोन-चार गोष्टी ठेचा खाऊन कळतात. उपदेशक ओरडला की ओरडायचं, त्याचा गळा भरून आला की आपलाही भरून आणायचा, तो स्टेजभर धावला तर वायर सांभाळत त्याच्यामागे धावायचं. तो ऐन भरात आला की तुम्हाला विसरतो आणि तीन-तीन वाक्यं एका दमात टाकतो. तेव्हा मधलं सोडून शेवटचं पकडायचं. एका पाहुण्याने पापं धुऊन बर्फासारखी पांढरी होतात असं सांगितलं. समोर बसलेल्यांना बर्फ म्हणजे कोळणीच्या टोपलीतला, मासळीचा वास येणारा. मी बर्फाचा धुतलेला कापूस करून टाकला. पाहुणा खूश, लोकही खूश.

पण माझी पहिलीच सभा पार फसली होती. केरळकडचे एक वयस्क उपदेशक आले होते. इंग्रजी बोलता बोलता मध्येच ते दुसऱ्याच कुठल्या तरी भाषेत शिरले. मला वाटलं, मल्याळम. मी माइक धरून घामाघूम. समोर पहिल्या रांगेत एक मल्याळी नर्सबाई बसल्या होत्या. मी सरळ माइकवरूनच त्यांना विचारलं, “सिस्टर, काय म्हणतायत हे?”

त्या जागेवरूनच म्हणाल्या, “ब्रदर, वो मलयालम नहीं है. वो तो ऊपरवाली है.”

हॉल हसला, उपदेशकही हसले. त्या दिवसापासून मी नियम शिकलो. उपदेशक अन्य भाषेत गेला की दुभाष्याने माइक खाली करायचा आणि थांबायचं. हे थांबणं वाटतं तितकं सोपं नसतं. सगळं सभागृह आपापल्या अन्य भाषेत बोलत असतं, डोळे मिटलेले असतात, आणि स्टेजवर सगळ्यांच्या समोर, दिव्याच्या उजेडात, गप्प उभा असलेला माणूस एकटा मीच.

पुढे दादरच्या एका हॉलमध्ये एक परदेशी मास्तर अभ्यासवर्ग घ्यायला आले. विषय होता, ही अन्य भाषेची श्रद्धा कशी कशी बदलत गेली. बोलले ते, पण तो इतिहास मराठीत माझ्या तोंडून गेला, त्यामुळे तो मला अजून पाठ आहे.

मुळात पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, कथा अशी की शिष्य बोलू लागले आणि देशोदेशींहून आलेल्या यात्रेकरूंना आपापली मातृभाषा ऐकू आली. म्हणजे बोलणाऱ्याला न येणारी, पण ऐकणाऱ्याला कळणारी भाषा. पुढे त्याच पहिल्या शतकात एका प्रेषिताला ग्रीसमधल्या एका मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, समजवावं लागलं की बाबांनो, तुमचं हे बोलणं कुणालाच कळत नाही. कुणी मोठ्याने अन्य भाषेत बोललं तर त्याचा अर्थ सांगणारा हवा, आणि तो नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प बसावं. आमच्या सभांमध्ये हा नियम अजून पाळतात. ‘अर्थ सांगणारा’ हा मराठी शास्त्रातला शब्द. तेही एक दान मानलं जातं, वरून मिळणारं. माझ्या धंद्यालाही साध्या भाषेत तेच नाव, त्यामुळे लोकांचा नेहमी घोळ व्हायचा. बाया येऊन सांगायच्या, “ब्रदर, काल प्रार्थनेत असं असं बोलले, जरा अर्थ सांगा ना.” मी म्हणायचो, “ताई, मी फक्त इंग्लिशचा.”

मग शेकडो वर्षं चर्चमधल्या बहुतेक मोठ्या लोकांचं मत असं होतं की हे दान पहिल्या काळापुरतं होतं, संपलं. गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर अमेरिकेतल्या एका लहानशा बायबलशाळेतली मुलं प्रार्थना करत बसली आणि त्यांनी ठरवलं की अन्य भाषा हीच आत्मा उतरल्याची खूण. थोड्याच वर्षांत तिकडच्या एका शहरात, जुन्या तबेल्यावजा इमारतीत, एकेकाळी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या एका काळ्या उपदेशकाच्या सभांत काळे-गोरे एकत्र गुडघे टेकू लागले आणि ही श्रद्धा जगभर गेली. त्या पहिल्या लोकांची अगदी भाबडी खात्री होती की मिळालेली भाषा ही खरोखरची कुठल्या तरी देशाची भाषा आहे. कुणाला चिनी मिळाली, कुणाला बंगाली. मग व्याकरण कशाला घोकायचं? बोट पकडायची, तिथे उतरायचं आणि बोलायला लागायचं. असं एक जोडपं कलकत्त्याला उतरलंसुद्धा. बोलले. कुणाला एक अक्षर कळलं नाही.

हॉलमध्ये हशा पिकला. मीसुद्धा तो किस्सा जरा रंगवूनच सांगितला होता. विमल मागच्या रांगेत होती. ती हिंदमाताच्या दुकानांसाठी साड्यांना फॉल-पिको करायची. हातातली साडी पूर्ण करायची होती म्हणून ती सोबत घेऊनच बसली होती.  घरी येताना ती म्हणाली, “अहो, त्या कलकत्त्याच्या बाईला किती एकटं वाटलं असेल. एवढं घरदार सोडून आली, तोंड उघडलं, आणि समोरचा नुसता बघत राहिला.” मी त्या इतिहासाचं भाषांतर केलं होतं, पण त्यात एक बाई आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मास्तर दुसऱ्या दिवशी पुढचं सांगत होते. कलकत्त्यासारखे अनुभव जागोजाग आले, पण श्रद्धा मोडली नाही, वळली. लोक म्हणू लागले, ही भाषा माणसांसाठी नाहीच, ही देवाशी बोलायची, देवदूतांची भाषा. मग वाद सुरू झाला की ही खूण प्रत्येकाला मिळालीच पाहिजे का. बरेचसे पंथ म्हणाले, पाहिजेच. आपल्याकडे पुण्याच्या पलीकडे विधवा आणि निराधार मुलींच्या एका आश्रमात साधारण त्याच काळात अशीच जागृतीची लाट आली होती. मुली रडत, गात, न शिकलेल्या भाषेत बोलत. पण तिथे असं शिकवलं गेलं की भाषा ही अनेक खुणांतली एक, खरी खूण प्रेमाची. मास्तरांनी हे ओझरतं सांगितलं. मी मात्र ते वाक्य, माझा अधिकार नसताना, मराठीत दोनदा सांगितलं. पुढे गेल्या शतकाच्या मध्यानंतर ही भाषा जुन्या, शिस्तीच्या चर्चमध्ये आणि कॅथलिकांमध्येही शिरली. खोताच्या वाडीतल्या एका कॅथलिक घरातल्या प्रार्थनागटात मी स्वतः ती ऐकली आहे. तिथे कुणी कुणाला विचारत नाही, तुला आली का. ज्याची त्याची खासगी प्रार्थना.

त्याच मास्तरांना मी लालबागच्या एका घरसभेला नेलं. खोली माणसांनी भरलेली. प्रार्थना चालू असताना कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मावशींचा सूर लागला, भरभर, डोळे गच्च मिटून. मास्तर एकदम थबकले. माझा दंड धरून कुजबुजले की इतक्या वर्षांत इतकी स्पष्ट अन्य भाषा ऐकली नव्हती, कुणाला अर्थ मिळतोय का विचार.

मावशी मालवणच्या. त्या म्हणत होत्या, “देवा, माझ्या झिलाक बरी बुदी दी, आणि सुनेचा तोंड वायच बंद ठेव.”

मी मास्तरांच्या कानात अर्थ सांगितला. ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग गंभीर होऊन म्हणाले, “कलकत्त्यात जे झालं, त्याच्या नेमकं उलटं आज मला झालं.” सून शेजारीच बसली होती. तिला सगळं कळलं होतं, पण सभेत ती काय बोलणार?

हसण्याच्या गोष्टी संपल्या की उरतं ते सांगतो. ज्या मंडळीत मी वाढलो ती ‘पाहिजेच’ म्हणणारी. आत्म्याची वाट बघायच्या खास सभा असत. मला मध्ये बसवून चारी बाजूंनी डोक्यावर हात ठेवत. “ब्रदर, तोंड उघडा. जीभ सैल सोडा. विचार करू नका.” मी तोंड उघडायचो. पण माझी खोड धंद्याची. ओठांवर आवाज आला रे आला की डोकं विचारायचं, याचा अर्थ काय? आणि अर्थ शोधायला गेलं की आवाज पळून जायचा. लोक थकून घरी जायचे.

एकदा एक पाहुणे उपदेशक गर्जून म्हणाले की ज्याला अन्य भाषा नाही त्याच्यावर आत्मा उतरलेलाच नाही, तो रिकामा घडा आहे. मी अर्धं पाऊल मागे उभा. मी तितक्याच जोरात गर्जलो, “तो रिकामा घडा आहे!” हातवाऱ्यांसकट. सभेनंतर लोक येऊन म्हणाले, ब्रदर, आज तुमचं फार छान झालं. मी थँक्यू म्हणालो आणि मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारलं. फार वाईट वाटलं होतं.

विमलला ती भाषा अगदी सहज आली होती, लग्नानंतर लवकरच, मशीनवर बसली असताना. त्यानंतर रोज सकाळी मी अंथरुणात असताना ती खिडकीशी बसून आधी मराठीत आणि मग तिकडच्या भाषेत प्रार्थना करायची. तिचा आवाज त्या वेळी वेगळाच लागायचा, लहान मुलीसारखा. मला मूलबाळ नाही, भाऊबंद गावाकडे. जगात माझं म्हणावं असं एकच माणूस, आणि रोज सकाळी ते माझ्यासमोर बसून अशा ठिकाणी जायचं जिथे मला प्रवेश नव्हता. मला हेवा वाटायचा, देवाचासुद्धा.

एकदा विचारलंच, “काय बोलतेस गं तू त्यात?”

“मला तरी कुठे कळतं? बोलते नि मोकळी होते.”

“मग मला कसं कळायचं?”

“तुम्हाला सगळंच कळायला हवं का हो?” असं म्हणून ती चहा टाकायला उठली.

तिला अर्धांगाचा झटका आला तो सकाळीच. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. परळच्या म्युनिसिपल इस्पितळात मी तिच्या उशाशी बसून होतो. काही दिवसांनी तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता ‘अहो’ म्हणेल. तिने मला आयुष्यात दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नव्हती. पण बाहेर पडली ती तिच्या सकाळच्या भाषेतली अक्षरं. मराठीतलं एकही नाही.

तरुण डॉक्टरीणबाई समंजस होत्या. म्हणाल्या, “काका, असं होतं कधी कधी. बोलण्याचा भाग जातो, पण रोजची गाणी, प्रार्थना, सवयीचे आवाज राहतात. याला अर्थ असेलच असं नाही.”

संध्याकाळी आमचे पास्टर आले. वयाने माझ्यापेक्षा खूप लहान, मनाने चांगला माणूस. ऐकून त्यांचे डोळे भरले. “ब्रदर, लॉर्डने मराठी घेतली, पण स्पिरिटची लँग्वेज ठेवली. केवढी मोठी साक्ष आहे ही!”

मी दोघांच्या मध्ये. मला दोन्हीकडचं कळत होतं, पण मला फक्त तिला पाणी हवंय का हे समजायला हवं होतं.

मग मी कामाला लागलो. आयुष्यभर जे केलं तेच, फक्त यावेळी शब्दकोश नव्हता. घरी आणल्यावर मी तिचा एक एक आवाज तिच्या डोळ्यांशी आणि डाव्या हाताशी लावून बघायचो. एक लहानसा, श्वासासारखा आवाज म्हणजे पाणी. दुसरा होता तो कूस बदलण्याचा. चुकलो की ती मान फिरवायची. आणि एक होतं, ‘सिरे लामो’. हे ती इस्पितळात म्हणायची, दरवाजाकडे बघत. पुढे तपासणीला नेलं की म्हणायची, तिच्या बहिणीकडे दोन दिवस ठेवली तेव्हा सारखी म्हणायची. आमच्या खोलीत मात्र एकदाही नाही. मला शंकाच उरली नाही. ‘सिरे लामो’ म्हणजे घरी चल. ज्या दिवशी हे समजलं त्या दिवशी मी एकटाच इतका आनंदलो की जिन्यात उभा राहून रडलो. तीस-पस्तीस वर्षं जी भाषा मी नुसती ऐकली, त्यातलं एक वाक्य मला कळलं होतं.

ती बरीचशी स्थिर झाल्यावर पास्टर म्हणाले, सिस्टरना एकदा सभेला आणा, सगळे वाट बघतायत. मी चाकाच्या खुर्चीतून नेलं. शाळेचा हॉल, नेहमीचीच माणसं. माझं काम तिथून केव्हाच सुटलं होतं. पास्टर आता एकाच वाक्यात मराठी, हिंदी, इंग्लिश घालतात आणि ओळी पडद्यावर येतात, दुभाष्या कशाला हवा? गाणं संपलं, सगळे शांत झाले आणि त्या शांततेत विमल मोठ्याने म्हणाली, “सिरे लामो.”

ती पुन्हा म्हणाली, दाराकडे बघत. पुन्हा.

पास्टरांनी नियमाप्रमाणे विचारलं, “अर्थ सांगणारा कुणी आहे का?”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. आणि पहिल्यांदाच मला खरोखर अर्थ माहीत होता. मी म्हणालो, “ती म्हणते, मला घरी जायचंय.”

 सगळा हॉल उसळला. हालेलुया, आमेन, बाया हुंदके देऊ लागल्या. आमच्या गाण्यांत, उपदेशांत ‘घर’ म्हणजे वरचं घर. मी स्वतः स्टेजवरून हजारदा ते तसंच सांगितलं होतं, आणि आता बोलताना ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी माइकवर ओरडलो, “तसं नाही हो! घरी म्हणजे आमच्या घरी. लालबागला. ती दमलीय.” पण कीबोर्ड सुरू झाला होता आणि कुणाला ऐकू गेलं नाही. पास्टरांनी मला मिठी मारली. रडत म्हणाले, “ब्रदर, इतकी वर्षं थांबलात. आज मिळालं तुम्हाला दान.” लोक तिच्या पायाशी बसले होते, तिच्या हाताचं चुंबन घेत होते, आणि त्यांच्या गर्दीतून ती माझ्याकडे बघत होती. मी खुर्ची वळवली आणि ‘जरा वाट द्या, वाट द्या’ करत तिला बाहेर काढलं.

टॅक्सीने लालबागला आलो. शेजारच्या दोघांनी खुर्ची वर चढवून दिली. मी दार लोटलं, तिला पलंगावर बसवलं, चपला काढल्या, पंखा लावला. म्हणालो, “आलो बघ घरी.”

तिने खोलीभर नजर फिरवली. मग डाव्या हाताने माझ्या सदऱ्याची बाही धरली आणि या खोलीत पहिल्यांदाच म्हणाली, “सिरे लामो.”

“अगं, घरीच आहोत. ही आपलीच खोली.”

तिने मान फिरवली नाही. बाही सोडली नाही. बहिऱ्या माणसाला सांगावं तसं, एक एक अक्षर सावकाश, तिने ते पुन्हा सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली.

मी ‘हो’ म्हणालो. कशाला हो म्हणालो, ते मला अजून माहीत नाही.